कान तुटलेला कप

नाशिकहून निघाले तेव्हाच माझं डोकं तापलेलं होतं, तेही स्वतःवर. काही वर्षांपूर्वी मी कॉलेजच्या मुलांसाठी एक कादंबरी लिहिली. काळ पुढचा, राजवट भयंकर, एका अंगाला नदीवाले, दुसऱ्या अंगाला डोंगरवाले आणि मधे पन्नास फुटांची भिंत. डोंगरातली मुलगी नदीकाठच्या मुलावर जीव टाकते, भिंत चढून खाली येते आणि शेवटच्या पानावर भिंत कोसळते. लोकांना फार आवडली. मग एके दिवशी कविताचा फोन आला. सातपुड्यातली पावरा आदिवासी घरची मुलगी, शहाद्याला शिकणारी. तिच्या वर्गातला जयेश तापीकाठच्या बागायतदारांचा. दोघांना लग्न करायचं होतं.

"ताई, तुमच्या पुस्तकात मुलगीच खाली जाते," ती म्हणाली. "मुलगा वर का येत नाही?"

मग तिने बोलावणंच केलं. होळी झाली आहे, आमच्याकडे लग्नं जमवायचे दिवस आहेत, बोलणी बघायला या.

नंदुरबारहून प्रकाशा गावच्या पुलावर आलं की तापी दिसते, रुंद आणि संथ, दोन्ही काठांना केळीचे मळे. जयेशचं गाव तिथून जवळ. त्याची आशा अशी की लेखिका आली तर वडील ऐकतील. वडिलांनी, म्हणजे आबांनी, मला फुलके, शेवभाजी आणि घरची केळी आग्रहाने वाढली. ऐकलं काहीच नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्यांच्या घरी आम्ही सोयरीक मागायला जायचं का, असं त्यांनी शांतपणे विचारलं. वर गेलास तर परत येऊ नकोस, हे जयेशला माझ्यादेखतच सांगितलं.

दुपारी मळ्यातली डोंगराकडची माणसं चहाला अंगणात आली. गोठ्याच्या भिंतीवर चार कप पालथे घातलेले होते, सगळ्यांचे कान तुटलेले. ज्याने त्याने आपला कप काढला, वरून चहा ओतून घेतला, प्यायला, विसळला, परत पालथा घातला. सगळं सवयीचं. मी पन्नास फुटांची भिंत बांधली होती, इथे चार कपांत काम भागलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली, पण पाहुणी म्हणून मी मूग गिळून बसले. त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने निघालो. जयेश, मी आणि त्याचे मामा, मुलाकडून येणारे ते एकटेच. गळ्यात तुळशीची माळ, अंगात धुवट पैरण, स्वभावाने गाय. धडगावच्या घाटात चाक बसलं. ड्रायव्हर ते बदलेपर्यंत मामा रस्त्याकडेला मोहाची फुलं वेचून हुंगत बसले. वरती दगडांवर कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या होत्या, आमचूर (वाळलेल्या कैरीची पूड) करायला. ऊन नुसतं भाजून काढत होतं.

कविताच्या अंगणात खाटा टाकल्या होत्या. गावची पाच-सहा वडीलधारी माणसं होती. तिच्या बापाने, रुमाल्याभाऊंनी, पानाच्या द्रोणात मोहाची दारू ओतली. पहिली धार जमिनीला, पूर्वजांसाठी. मग द्रोण मामांपुढे केला. मामांनी हात जोडले आणि माळेला बोट लावलं.

झालं. माणसं उठून उभी राहिली. कोणी आवाज चढवला नाही, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. कविताने माझ्या कानाशी लागून सांगितलं की या बोलण्यांतला द्रोण नाकारणं म्हणजे तुमची मुलगी आम्हाला नको असं सांगणं. तिचा चेहरा उतरला होता. मी घाईघाईने माझा द्रोण घेतला आणि घटाघटा प्यायले. घसा जळाला, उपयोग शून्य. माझ्या पिण्याला विचारतो कोण? कविताने बापाला माळेचं समजावलं, तरी ते मान खाली घालून उभेच. मला मामांचा राग आला. एक घोट, देव काय पाठी लागणार होता?

मामांनी मात्र द्रोण दोन्ही हातांनी घेतला. "मी पेत नही, भाऊ," ते म्हणाले. "पन धरतीले मी देस." (मी पीत नाही, पण जमिनीला मी देतो.) आणि खाली बसून त्यांनी अख्खा द्रोण सावकाश मातीत रिकामा केला, रुमाल्याभाऊंच्या पूर्वजांच्या नावाने.

रुमाल्याभाऊंनी त्या ओल्या मातीकडे पाहिलं. मग खाटेवर बसले. बाकीचेही बसले. मुलाला खालचं घर बंद, तेव्हा तो इथेच राहील, शेतात राबेल, घरजावई म्हणून, असं ठरलं. जेवायला ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ. जयेश कविताच्या भावांच्या पंक्तीत बसला आणि तिखटाने नाक पुसत जेवला.

खाली मामा आणि मी दोघंच परतलो. आबा ओट्यावर बसलेले होते. जयेशच्या आईने चहा आणला. मला फुलाफुलांचा कप आणि मामांना, तिच्या सख्ख्या भावाला, गोठ्यावरचा कान तुटलेला. नवऱ्याच्या नजरेखाली तिने तो पुढे केला. मामांनी तो घेतला आणि चहा प्यायला.

आता मात्र माझा तोल गेला. मी माझा कप ठेवून दिला, गोठ्याकडे गेले, दुसरा पालथा कप उचलून आणला. "मामांनी घोटही घेतला नाही, आबा. द्रोणभर मी प्यायलेय. मलाही यातच द्या."

आबा उठून आत गेले. आई चहा ओतायला वाकली तेव्हा हळूच म्हणाली, "जेवना का मन्हा पोऱ्या?"

पोटभर जेवला म्हणून सांगितलं. तिने पदराने डोळे टिपले आणि कप काठोकाठ भरला.

नाशिकच्या बसमध्ये बसले तरी माझा राग उतरला नव्हता, आणि तो उतरू नये असंच वाटत होतं. भिंत कोसळली म्हणून मी खुशाल लिहून मोकळी झाले होते. कसली कोसळते! आबांच्या गोठ्यावर ती आजही आहे. फक्त तिच्यातला एक कप कमी झालाय. तो मी विसळून पिशवीत घालून आणला. चोरी म्हणायची तर म्हणा.