मामांच्या जीपमध्ये पेट्रोल

हा किस्सा मी स्वतःहून कुणाला सांगत नाही. पण तुम्ही चहा पाजलाय, तेव्हा ऐका.

बंगळूरहून जनावरांची डॉक्टर होऊन मी हिंगोलीला परतले, तेव्हा इथं अज्ञान माझी वाट पाहत असेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात फक्त मामा वाट पाहत होते, तेही जेवायला. अज्ञान मी सोबत आणलं होतं. हे कळायला आठवडा लागला.

पहिलीच मोहीम: कनेरगाव नाक्यापुढच्या वाडीतल्या मेंढ्यांना आंत्रविषाराची लस. पावसाळ्याआधी ती टोचली नाही, तर धडधाकट मेंढी कोवळं गवत खाऊन पटकन मरते. लस बर्फाच्या डब्यात होती. बर्फ वितळला की लस वाया, आणि नवी कधी मिळेल याचा नेम नाही. एकही मेंढी सकाळी चरायला न्यायची नाही, असा हुकूम मी आदल्या दिवशीच सोडला होता.

मामांनी त्यांची जुनी जीप दिली. पंपावरच्या माणसानं न विचारताच डिझेलची नळी उचलली. मी थांबवलं. टाकीच्या झाकणापाशी ठळक अक्षरांत 'पेट्रोल' लिहिलेलं होतं.

"मामा तं डिझेलच टाकतेत ताई, चार सालापासून."

"तेच तर चुकतंय," मी म्हणाले, आणि सवय आणि शास्त्र यांतला फरक त्याला समजावून सांगितला. मागे दोन ट्रॅक्टर खोळंबले होते, त्यांनाही सांगितला. त्यानं शांतपणे पेट्रोल भरलं.

इंजिनाच्या नळीत उरलेल्या डिझेलवर जीप कशीबशी नाक्यापर्यंत गेली, खोकली आणि बंद पडली. मी किल्ली फिरवत राहिले. आत्मविश्वास दांडगा होता. शेवटी समोरच्या गॅरेजातले मिस्त्रीचाचा उठून आले आणि त्यांनी टाकी हुंगली.

"किल्ली सोडा बेटा. जितकी फिरवाल, तितकी तकलीफ. हिचं पेट्रोलचं इंजिन मीच काढलं, डिझेलचं मीच बसवलं. मामांनी सांगितलं न्हाई?"

नव्हतं सांगितलं. हे माहीत नसलेला माणूस तालुक्यात असेल, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

टाकी पूर्ण रिकामी करायची, नळ्या धुवायच्या, फिल्टर बदलायचा. म्हणजे संध्याकाळ. बर्फ निम्म्यावर आला होता. मोबाइल तेव्हा कुठले? वाडीकडे निघालेल्या दूधवाल्याजवळ निरोप दिला: गाडी बंद पडली, नाक्यावर अडकले, मेंढ्या चरायला सोडा. मग एका टायरवर बसून थोडी रडले. चाचा पाठ फिरवून बराच वेळ फिल्टर पाहत राहिले.

दीड तासानं रस्ता दिसेनासा झाला. पुढे पांडबा, वाडीतले सर्वांत वयस्कर मेंढपाळ, आणि मागे सगळ्या वाडीच्या मेंढ्या. ट्रक जागच्या जागी थांबले.

"तुमची गाडी चालत न्हाई तं काय झालं बाई," पांडबा म्हणाले, "आमची मेंढरं चालतेत की."

गॅरेजच्या दारात, ढाब्यावरच्या ट्रकवाल्यांच्या देखत शेवटची मेंढी टोचली, तेव्हा डब्यात बर्फाचे दोन खडे उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आणायला गेले, तर गॅरेजसमोर आणखी दोन वाड्यांचे कळप उभे. नाक्यावर मेंढरांचा दवाखाना निघाला, अशी बातमी पसरली होती. एका म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"लई इचार करून जागा काढली लेकरा. समद्यांना जवळ पडते."

मी नाही म्हणाले नाही. दर मंगळवारी तिथंच बसायचं, हे मी त्या क्षणी ठरवलं. जीप मामांना परत करायची आणि एस.टी.नं यायचं, हेही ठरवलं. एस.टी.त काय भरायचं, हे मला कुणी विचारत नाही.