मूर्तिजापूरच्या पुलावर न्यूट्रल

"वर्षा, तू दुरुस्त केलेली गाडी मूर्तिजापूरच्या पुलावर उभी आहे," डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या. "अन् मागे ट्रकवाला हॉर्न वाजवून राहिला."

आवाज अगदी शांत होता. पस्तीस वर्षं अकोल्यात बाळंतपणं केलेल्या बाईचा आवाज.

"इंजिन चालू आहे?"

"चालू आहे. गिअर पडत नाही. काट्यांच्या मधे नुसतं 'एन' दाखवते. पिवळा दिवा, लाल दिवा, सगळी दिवाळी लागली आहे."

"चारही इंडिकेटर लावा. उतरून कठड्याच्या बाजूला उभ्या राहा. मी निघाले."

"बंगल्यावरचा नामदेव सोबत आहे, तो मागे दुपट्टा हलवून राहिला. तू घाई करू नको."

तीनच दिवसांपूर्वी ही गाडी मी स्वतः त्यांच्या हातात दिली होती. "आता काही होणार नाही," असंही म्हणाले होते. गाडीच्या धंद्यात हे वाक्य बोलायचं नसतं. पुण्याच्या शोरूममध्ये पंधरा वर्षं काढली, तिथे हेच पहिलं शिकवलं होतं. अमरावतीला परत येऊन बडनेरा रोडवर स्वतःचं वर्कशॉप टाकलं आणि मी ते विसरले.

फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, घेऊन मी निघाले. दुपारची वेळ, नोव्हेंबरचं मऊ ऊन. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना गाड्यांतून उडालेला कापूस अडकला होता. मैलोन् मैल ती पांढरी फुलं. तुरीच्या शेतांत पिवळं धुकं बसल्यासारखं दिसत होतं. इतक्या सुंदर दुपारी कोणाचा तरी जीव आपल्यामुळे धोक्यात आला होता, हे मला खरंच वाटेना.

पुलावर पोचले तेव्हा डॉक्टर शैला राऊत कठड्याला टेकून खालची नदी बघत होत्या. पासष्टीला आलेल्या, केस पांढरे, अंगावर निळी सुती साडी. त्यांच्या पुढे ती लालभडक दोन सीटची स्पोर्ट्‌स कार. जमिनीला इतकी लागून की अकोल्याचा प्रत्येक स्पीडब्रेकर तिला तिरका चढावा लागे. निवृत्त झाल्यावर बाईंनी ती सेकंडहँड घेतली होती. कोणी हसलं, कोणी भाच्याला द्या म्हणालं. बाईंनी कोणाचं ऐकलं नाही.

त्याला कारण होतं. त्यांची पहिली नेमणूक चिखलदऱ्याकडच्या सरकारी दवाखान्यात होती. एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून, उलट्या करत त्या तो घाट चढायच्या. "एक दिवस हा घाट मी माझ्या हातानं चढीन," असं त्यांनी तेव्हा ठरवलं होतं. पासष्टावा वाढदिवस डिसेंबरात होता. त्या दिवशी त्यांना घाट चढायचा होता.

आता गाडीचं दुखणं सांगते.

हिच्या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात. एक क्लच एक-तीन-पाच हे गिअर सांभाळतो, दुसरा दोन-चार-सहा. तिसरा चालू असतानाच चौथा तयार होऊन बसलेला असतो, म्हणून गिअर बदललेला कळतसुद्धा नाही. हे सगळं एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याला काही संशय आला की तो एकाच गिअरमध्ये अडकून बसतो किंवा सरळ न्यूट्रलमध्ये जातो. त्याच्या दृष्टीने ती सुरक्षितता. पुलावर मागे ट्रक असेल हे त्याला कोण सांगणार?

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा स्कॅनर लावला. तेवीस कोड, म्हणजे बिघाडाचे नंबर, निघाले. गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग, स्टीअरिंग, सगळेच तक्रार करत होते. इतके जण एकदम ओरडायला लागले की आधी वीज बघायची, हा नियम. बॅटरी तपासली तर ती मेलेलीच होती. नवी बसवली, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये तिची नोंद केली, कोड पुसले. लोणीपर्यंत चालवून आणली. गाडी पाण्यासारखी चालली. मी खूश झाले आणि तिथेच थांबले. मेलेली बॅटरी हा खरा दोष होता, पण एकुलता एक नव्हता.

पुलावरून गाडी पुन्हा वर्कशॉपला आणली. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला. बाई आधी तिथेही जाऊन आल्या होत्या.

"मॅडम, गिअरबॉक्सचं आख्खं युनिट बदलावं लागेल," तिथला मॅनेजर म्हणाला. "बाहेरून येईल. तीन-चार महिने धरा."

"दोष सापडला का तुम्हाला?"

"कोड आहे ना."

"कोड तर माझ्याकडे तेवीस आहेत."

"मग तुम्ही शोधा," तो म्हणाला. तो चिडला नव्हता. त्याच्याकडे वेळ नव्हता, एवढंच.

मी शोधायला लागले. चार दिवस गाडीत काहीच बिघडलं नाही. सकाळी स्टार्ट केली, ठीक. गरम केली, ठीक. एकेक वायर हलवून पाहिली, ठीक. बंद गाडीतून विजेची गळती होते का ते बघायला एका दुपारी बॅटरीवर मीटर लावला.

ही तपासणी मला फार आवडते. आजकालची गाडी बंद केली की लगेच झोपत नाही. आधी रेडिओ झोपतो, मग दरवाजे, मग सीट, मग आतले कॉम्प्युटर एकेक करून. मीटरवरचा आकडा पायऱ्या उतरावा तसा खाली येतो. पाऊण तास लागतो. तेवढा वेळ गाडीला हात लावायचा नाही, दार उघडायचं नाही, नाहीतर सगळे पुन्हा जागे होतात. मी गाडीशेजारी स्टूल टाकून बसले. शटरच्या फटीतून उन्हाची एक पट्टी बॉनेटवर पडली होती आणि अगदी हळू सरकत होती. आकडा उतरत गेला. कधीतरी माझीही मान कलली. डोळे उघडले तेव्हा पट्टी टपावर गेली होती, आकडा जवळजवळ शून्यावर होता आणि गाडी गाढ झोपली होती. गळती नव्हती.

तेव्हा एक साधी गोष्ट डोक्यात आली. माझ्याकडे ती कधीच बिघडत नाही. बाईंकडेच बिघडते. म्हणजे ती राहते कुठे, हे बघायला पाहिजे.

मी गाडी स्वतः चालवत अकोल्याला नेली. बाईंचा बंगला जुना, अंगणात मोठा कडुलिंब. गाडी त्याच्याच सावलीत उभी राहायची. बाई देवदर्शनाला गेल्या होत्या. नामदेवभाऊ अंगणात होते. वय पंचावन्न-साठ, वीस वर्षांपासून बंगल्यावर. बाग, फाटक, बाजार, सगळं तेच बघायचे. मी गाडी लावली तसे ते पाइप घेऊन आले आणि समोरच्या काचेवर पाणी सोडलं.

"भाऊ, मी कालच पुसली आहे."

"असू द्या ताई. बाईनं सांगतलं हाय, काच रोज धुवायची."

"रोज?"

"रोज. कदी कदी दोनदा." त्यांनी पाइप खाली केला, फाटकाकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. "काच साफच असते ताई. बाईले धुरकट दिसते. मंग म्यां अजून एक बादली वततो. काय करू?"

गाडी हातात देताना बाईंनी दोनदा पदराने काच पुसली होती, ते आठवलं. तेव्हा मला वाटलं होतं, वर्कशॉपची धूळ असेल.

"आणि धुतल्यावर गाडी बिघडते का?"

"धुवून लगेच काढली तर नाई. तासाभरानं दिवे लागतात. पायाखालच्या मॅटलेबी वास येते, ओल्या पोत्यावानी."

बॉनेट उघडलं. काचेच्या बुडाशी एक पन्हळ असते. काचेवरून आलेलं पाणी तिच्यातून दोन भोकांवाटे खाली जमिनीवर जातं. पन्हळीवरचं झाकण काढलं. आत कडुलिंबाच्या काड्या, मोहोर, पिकल्या पानांचा काळा चिखल. दोन्ही भोकं बुजलेली. पाणी जाणार कुठे? वायरिंगच्या जाड जुडग्याबरोबर ते केबिनमध्ये उतरत होतं.

डावीकडचं कार्पेट उचललं. खाली फोम स्पंजासारखा भिजलेला. त्यात गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला वीज नेणारा कनेक्टर. कनेक्टरची एक पिन हिरवी पडली होती, तांब्याच्या भांड्याला कळंक चढतो तशी. शेजारचा अर्थिंगचा बोल्टही गंजलेला. नवी बॅटरी बिचारी पूर्ण वीज देत होती. ती पोचत नव्हती. माझ्या वर्कशॉपमध्ये गाडी कोरडी राहायची, म्हणून तिथे सगळं ठीक.

तरी या वेळी मी घाई केली नाही. नामदेवभाऊंना म्हटलं, "रोज धुता तसंच धुवा."

त्यांनी दोन बादल्या ओतल्या. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन सीटवर बसले, इंजिन चालू ठेवलं. कडुलिंबाच्या सावल्या काचेवरून हलत होत्या. पाण्याचे थेंब एकेक करून वाळले. चाळीस मिनिटं झाली. मग व्होल्टेजचा आकडा थरथरला. बारा, अकरा, साडेनऊ. पिवळा दिवा. लाल दिवा. 'एन'.

गाडी बिघडली म्हणून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि बाई आल्या. मी त्यांना पन्हळ दाखवली, पिन दाखवली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे पाण्यानं झालं. पण पावसाळ्यात तर मी गाडी काढलीच नाही."

हे कसं सांगायचं, हे मला कोणत्याच शोरूममध्ये शिकवलं नव्हतं. मी कोरडं फडकं घेतलं. काच आतून पुसली, बाहेरून पुसली. "बाई, जरा सीटवर बसता?"

त्या बसल्या. समोर बघत राहिल्या. बराच वेळ.

"तुला ही काच स्वच्छ दिसते?"

"हो."

"समोरच्या फाटकावरचं नाव वाच."

मी वाचलं.

"मला फाटक दिसते," त्या म्हणाल्या. "नाव नाही. मधे दूध सांडल्यासारखं आहे." मग मान न वळवता विचारलं, "नामदेव, तुले कधीपासून माहीत होतं?"

नामदेवभाऊ पाइप गुंडाळत होते. "पावसाळ्याच्या आंदीपासून."

"मग सांगतलं काहून नाही?"

"तुमी डॉक्टर हा बाई. म्यां तुमाले काय सांगू?"

पिवळी पानं बॉनेटवर पडत राहिली. बाईंनी स्टीअरिंगवरून एकदा हात फिरवला.

"त्या दिवशी पुलावर मागचा ट्रक मला आरशात दिसला नव्हता," त्या म्हणाल्या. "हॉर्न ऐकून कळलं. गाडी बंद पडली ते बरंच झालं, वर्षा." त्या उतरल्या आणि चावी माझ्या हातात ठेवली. "दुरुस्त कर. पूर्ण कर. अर्धवट नको."

पन्हळ साफ केली. पिन कापून नवी बसवली, बोल्ट घासून पुन्हा कसला. कार्पेट तीन दिवस गच्चीवर वाळवलं. मग आठवडाभर रोज दोन बादल्या ओतून पाहिल्या. दिवा लागला नाही.

डिसेंबरात त्यांच्या वाढदिवसाला आम्ही दोघी चिखलदऱ्याला गेलो. स्टीअरिंगवर मी, शेजारी बाई. परतवाड्याला संत्र्यांचे ढीग लागले होते. काच थोडी खाली केली होती, त्यामुळे गावभर तोच वास आत येत होता. घाट सुरू झाला तशा बाईंनी डोळे मिटले.

"तिसरा टाक," एका वळणाआधी त्या म्हणाल्या. गाडीने तोच निवडला होता.

"पुढे उजवीकडे वळण, मग झरा."

वळण आलं. झरा आला. सागाची मोठी मोठी पानं रस्त्यावर पडलेली, गाडी त्यांच्यावरून गेली की कागद चुरगळल्यासारखा आवाज व्हायचा. त्या एकेक वळण आधी सांगत होत्या आणि ते तसंच समोर येत होतं. मला क्षणभर वाटलं, आपण चालवत नाहीच आहोत. बाईच गाडीला तोंडपाठ रस्ता वाचून दाखवत आहेत आणि ती ऐकून चढते आहे. वर पोचलो तेव्हा दरीत धुकं भरलं होतं.

"काही दिसत नाही," मी म्हणाले.

"चला, आता सगळ्यांना सारखंच," बाई म्हणाल्या आणि मोठ्यांदा हसल्या.

पुढच्याच आठवड्यात त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या. पडद्याचा आजार निघाला. इंजेक्शनं सुरू झाली. गेलेली नजर परत आली नाही, उरलेली टिकली. गाडी चालवणं बंद. गाडी मात्र त्यांनी विकली नाही. उभी राहून बॅटरी खराब होते, म्हणून महिन्यातून एका रविवारी मी अकोल्याला जाते आणि आम्ही फिरून येतो.

गिअरबॉक्स आहे तोच आहे. बदलला असता तर नव्यालाही त्याच पिनेतून वीज मिळाली असती आणि चार महिन्यांनी तो त्याच पुलावर थांबला असता.

माझ्या जॉब कार्डवर आता एक रकाना जास्त आहे: 'गाडी कोण धुतं?' ग्राहक हसतात. मी त्या माणसाचा नंबर घेते आणि स्कॅनर लावायच्या आधी त्याला फोन करते.