घसा माझा बसला होता

या सदरातले अनुभव मी आजवर करमणूक म्हणूनच वाचत आलो. कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाची गाडी नेमकी वडाखालीच बंद पडते... मी पोंभुर्ण्याला कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो आणि बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरात वाढलोय. आमच्याकडे भुताला कुणी चहासुद्धा विचारत नाही. तेव्हा पुढचं वाचून मला उतारा किंवा ताईत सुचवू नये, ही विनंती. उत्तर असेल तर मात्र जरूर द्या.

हिवाळ्यात माझं दुसरं काम असतं — झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टिंग. आमची पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सीझनमध्ये आमचे नट रोज नव्या गावी असतात, पुष्कळदा नाटकही वेगळं. पाठांतराला वेळ कुठला? म्हणून स्टेजच्या पुढच्या कडेला खड्ड्यात मी पुस्तक घेऊन बसतो आणि वाक्य न् वाक्य खालून देतो. नट ते उचलतो आणि आपलं करून फेकतो. पुढच्या रांगांना मी चांगला ऐकू येतो, पण माझ्याकडे कुणी लक्ष देत नाही.

या पद्धतीचा एक तोटा मला फार उशिरा कळला. आमच्याकडे एखाद्या नटाची स्मरणशक्ती गेली, तर ती सगळ्यात शेवटी लक्षात येते.

विलास माझा मावसभाऊ, वयानं बराच लहान. वडशाच्या एका नाटक मंडळीत नायकाचं काम करायचा. माइक बंद पडला तरी फरक पडू नये असा आवाज. जागरणं सोसावीत म्हणून त्यानं गांजा सुरू केला, सीझनपुरता. मग सीझन संपला तरी चिलीम सुटेना. मी रागावलो की म्हणायचा, "दादा, हे झाडपाल्याचं आहे जी. दारूवानी लिव्हर थोडीच खाते?"

लिव्हर नाही खाल्लं. बाकीचं खाल्लं. छातीत धडधड, अंग सुकत चाललेलं, सकाळी उठल्या उठल्या उलट्या. उलट्या लागल्या की अंगावर कढत पाणी ओतत बसायचा, त्यानंच काय तो आराम पडायचा. त्याची बायको माला चुलीवर पाण्याचा गंज चढवून चढवून थकली. आणि वाक्यं... पूर्वी मी अर्धं वाक्य दिलं की उरलेलं तो स्वतः घ्यायचा. आता अख्खं वाक्य दोनदा द्यावं लागे. मी देत गेलो. मंडळीत तेव्हा माझीच तारीफ चालली होती, सरांसारखा प्रॉम्प्टर नाही म्हणून.

तो प्रसंग दुपारचा आहे, भर उजेडातला. वडशाला मंडळीच्या हॉलमध्ये नव्या नाटकाची तालीम होती. लेखकानं शेवटचा प्रवेश आदल्या रात्रीच नव्यानं लिहिला होता. हातानं लिहिलेली ती पानं सकाळी स्टेशनवर माझ्या हाती दिली आणि तो तसाच गाडीनं नागपूरला गेला. पानं माझ्या पिशवीत, पिशवी माझ्या खांद्याला. विलास आजारी होता, दुपारी घरून थेट हॉलवर आला.

आणि माझा घसा बसला होता. साधासुधा नाही — तोंडातून नुसती हवा यायची. मॅनेजर म्हणाले, "सर, तुमी आराम करा. विलासभाऊ पानं पाहून वाचतीन." मी मांडीवरची पानं त्याला देणार, तेवढ्यात तो उठला आणि सुरू झाला.

तुरुंगातून सुटलेला बाप मुलीच्या लग्नाच्या मांडवाशी येतो, असा प्रवेश. लांबलचक स्वगत. विलासनं ते शब्दाला शब्द म्हटलं. माझ्याकडे बघून नाही — कोपऱ्यात कपड्यांच्या पेट्या रचल्या होत्या, तिकडे कान देऊन. थांबायचा, ऐकायचा, उचलायचा... खड्ड्यातून माझं वाक्य घ्यायचा, अगदी तसाच. एका ठिकाणी कंसात 'दोन पावलं मागे' अशी सूचना होती. अशा सूचना आम्ही मोठ्यानं देत नसतो. तो दोन पावलं मागे सरकला.

त्यानं माझ्या मनातलं ओळखलं म्हणावं, तर तेही बसत नाही. घाईत माझी दोन पानं एकदम उलटली आणि मी मनातल्या मनात भलतंच वाचायला लागलो. मला वाटलं विलास चुकला. मागचं पान काढून पाहिलं, तर तो बरोबर होता.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाठ करून आला असेल, एवढंच त्यांना वाटलं. विलास घाम पुसत माझ्याजवळ येऊन बसला. "दादा, घसा बसला म्हणता अन् आवाज त एकदम मोकळा देऊन राह्यले होते. आज मले एक बी वाक्य दोनदा लागलं नाई."

मी पानं पिशवीत ठेवली. तसंही बोलता येत नव्हतंच. लेखकाला मी नंतर विचारलं. तो विलासला भेटला नव्हता, फोनही झाला नव्हता.

पुढं तो आवाज विलासच्या घरी पोचला. जेवता जेवता तो मालाला भलतीच वाक्यं बोलायचा. तिनं विचारलं की म्हणे, "खालून येऊन राह्यलं ते बोलतो." मग आवाज नुसत्या वाक्यांवर थांबेना. ऊठ. बाहेर जा. एकदा विलास रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला, समोरून धानाचा ट्रक. ड्रायव्हर सावध होता म्हणून वाचला. तिथं काऊन उभा राहिला, असं मालानं विचारलं तर म्हणाला, "तसं देल्लं होतं."

तालमीची मला भीती वाटली नव्हती. या उत्तराची वाटली, आजही वाटते.

गडचिरोलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या. उलट्यांना गरम पाण्यानं बरं वाटतं का, हे आम्ही सांगायच्या आधी त्यांनीच विचारलं. मग समजावलं — वर्षानुवर्षं गांजा ओढला की ध्यानात राहणं कमी होतं, छाती धडधडते, काहींना अशा उलट्या लागतात, आणि काहींना कुणी नसताना आवाज ऐकू येतात. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण याला झालंय. औषध देऊ, मात्र चिलीम कायमची बंद. मला हायसं वाटलं. एखाद्या गोष्टीला नाव मिळालं की मी निम्मा बरा होतो.

मी त्यांना बाजूला घेऊन तालमीचं सांगितलं.

"त्यांनी ती पानं कुठंतरी पाहिली असतील," त्या म्हणाल्या.

शक्य नाही, म्हटलं.

"मग मला माहीत नाही, सर. पण हा आजार मला माहीत आहे. आज ट्रक थांबला, उद्या थांबेलच असं नाही."

वॉर्डात विलास हटून बसला होता. माला एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास घेऊन पलंगाशी उभी. "गोळीनं आवाज गेला त मी स्टेजवर काय बोलू?" तो म्हणत होता. "माह्या ध्यानात आता काईच राह्यत नाई. तोच एक सांगते मले." मग माझ्याकडे वळला. "दादा, खरं सांगा. तालमीत तुमीच देत होते ना? तुमी असान, त मंग बाकीचं सारं डोक्यातलं आहे, घेतो मी गोळी. पण तुमी नसान त..."

माला माझ्याकडे बघत होती.

वर्गात मी पोरांना कायम सांगतो, प्रयोगात दिसलं तेच लिहा, पुस्तकात आहे ते नको. मी म्हटलं, "मीच देत होतो. दुसरं कोण राहीन?"

"अन् घसा?"

"तेवढ्यापुरता सुटला होता."

त्यानं मालाच्या हातून गोळी घेतली.

सुरुवातीचे आठवडे वाईट गेले. झोप नाही, चिडचिड, हाताला कंप. उलट्या थांबल्या. आवाज लांब लांब होत गेला आणि मग आलाच नाही. स्मरणशक्ती पूर्ण परतलेली नाही, वेळ लागेल म्हणतात. या हिवाळ्यात त्याला फौजदाराचं लहानसं काम मिळालंय. तेवढीही वाक्यं तो माझ्याकडून दोनदा घेतो. मी आनंदानं देतो.

स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. योगायोग, लपूनछपून वाचन, मलाच झालेला भास — सगळं तपासून पाहिलं. उलटलेल्या त्या दोन पानांशी येऊन मी दर वेळी अडतो.

परवा प्रयोगाला जाताना गाडीत विलास सगळ्यांसमोर म्हणाला, "त्या तालमीत दादाचा आवाज काय लागला होता जी! तसा मंग कधीच नाई देल्ला त्यायनं." आणि मला म्हणाला, "एकदा द्या ना तसा."

वय झालं आता, म्हणून मी टाळलं.

नावं अर्थातच बदलली आहेत. पण झाडीपट्टी लहान आहे, कुणीतरी ओळखेलच. ओळखलंत तर त्याला हे वाचायला देऊ नका. विचारलंच त्यानं, तर सांगा — तालमीत सरच देत होते.