जासईतले दोन हार

पनवेलला उतरलो ते कर्नाळ्याचे पक्षी बघायला. पण मी नुकताच सर्बियात फिरून आलोय म्हटल्यावर पनवेलच्या मित्राने आधी जासईच्या गाडीत बसवले. तिथे येलेना नावाची एक सर्बियन सून आहे, म्हणाला. नवरा जहाजावर असतो.

बंदराच्या कंटेनरांच्या भिंती ओलांडल्यावर गाव दिसले. येलेनाने दारातच "या दादा, बसा" म्हटले. सर्वपित्री अमावास्या होती, त्यामुळे आगंतुक असूनही मी जेवायलाच बसलो. वडे, खीर, अळूवड्या आणि तिने केलेला झितो (तिकडे मेलेल्यांच्या नावाने करतात ते उकडलेले गोड गहू). झितो मला रुचला नाही, पण संपवला.

भिंतीवर दोन फोटो होते, दोन्हींना ताजे हार. तिच्या सासूबाई, हिराआजी, ओळख करून देऊ लागल्या. "यो माजा भाव. जमिनीच्या आंदोलनात पोलिसांची गोली लागून गेला. नि हे सूनबायचे आजोबा. मंत्री व्हते."

माझ्या जिभेला हाड नाही. "यांचा फोटो मी तिकडच्या संग्रहालयात पाहिलाय," मी बोलून गेलो.

"बग," आजी खुलल्या. "तिकडं पन लावलाय."

येलेनाचा चेहरा उतरला. तो फोटो कोणत्या दालनात होता ते मला तेव्हा आठवले. मी सारवासारव करू लागलो, तर तिने हातानेच थांबवले.

"आई, तो मानानं नाय लावलेला. जर्मनांनी आमचा देश घेतला, तवा आजोबा त्यांच्या बाजूचे मंत्री झाले. त्या सरकारनं आमचीच मानसं मारली. मी नवीन आले तवा मंत्र्याची नात म्हनून तुमी कौतुकानं गावभर सांगितलंत. मंग मला बोलवेना."

आजी भावाच्या फोटोकडे बघत राहिल्या. "गोलीचा हुकूम यांनी दिला?"

"ठाव नाय. मला मांडीवर घेऊन गोष्टी सांगायचे. मी कदी इचारलंच नाय."

आजींनी स्टूल ओढले आणि मंत्र्यांचा हार उतरवला. येलेना दारात कावळ्यासाठी वाढलेले आजोबांच्या नावाचे पान उचलू लागली, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. "पान ऱ्हाऊ दे. भूक सगल्यांना हाय. हार नाय."

कर्नाळा राहिला, त्याचे काही नाही. ते एक वाक्य मी गिळायला हवे होते, ही हळहळ पनवेलपर्यंत सोबत आली. पण त्याहून जास्त आठवत राहिली, मला फाट्यावर सोडताना येलेना बोलली ती गोष्ट.

"दादा, आज त्या पानाला कावला शिवला तर मला बरं वाटंल का वाईट, तेच कलत नाय."