काकूंचं मशीन थांबायचं तेव्हा

आमच्या ऑफिसात फोन वाजला की मी आधी पेन उचलते. नाव, पत्ता, तक्रार... याच क्रमाने रजिस्टरमध्ये लिहायचं. सहा आठवड्यांपूर्वी शांताकाकू चार दिवस मुलाकडे, वसंतदादांकडे राहायला गेल्या होत्या. एका सकाळी पलीकडून दादांचा आवाज आला, तेव्हाही सवयीने मी 'शांताकाकू, बरकतपुरा' असं लिहून मोकळी झाले होते. "आई गेली गं पहाटे. झोपेतच," दादा म्हणाले. तक्रारीचा रकाना कोराच राहिला. ती ओळ मी अजून खोडलेली नाही.

शांताकाकू आमच्या घरमालकीण. पुढच्या खोलीत त्यांचं पायाने चालवायचं शिलाई मशीन, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. बाबा काचीगुडा स्टेशनात रेल्वेचे खलाशी, म्हणजे अवजड कामाचे मजूर, आहेत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे दिवसा नोकरी आणि संध्याकाळी बी. कॉम. असं चाललं आहे. असं काही लिहायची मला सवय नाही. चुकेल कुठेतरी... पण काकूंना चुका चालायच्या, कंटाळा चालायचा नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शहरात तेव्हा रोज एखादी नवी परदेशी कंपनी येत होती. त्यातल्या एकीला तिची वॉशिंग मशीनं दुरुस्त करायला हैदराबादेत एक एजन्सी नेमायची होती. आमचं ऑफिस लहान, मिक्सर-कूलर दुरुस्तीची कामं आटत चाललेली. हे काम मिळालं नाही तर ऑफिसात दोनच माणसं राहणार होती, आणि त्या दोघांत मी नव्हते हे मला न सांगता कळलं होतं. नोकरी गेली की कॉलेजही गेलं. आणि आमचे मालक रेड्डी सर म्हणाले, "लोकांची गाऱ्हाणी तू ऐकतेस, कंपनीसमोर तूच बोल."

सरांनी सहा पारदर्शक कागद करून दिले. एकेक कागद प्रोजेक्टरच्या काचेवर ठेवायचा, भिंतीवर अक्षरं उमटतात, मग त्यावर इंग्रजीत बोलायचं. मी सगळं पाठ केलं. घरात जागा नव्हती, म्हणून रोज सकाळी काकूंसमोर उभी राहायचे.

"हौ, बोल. हात रिकामे नाहीत, कान आहेत," म्हणत काकू शाळेच्या गणवेशावर टीप मारत राहायच्या. मी शेवटपर्यंत म्हणून दाखवायचे. मशीन खडखडतच असायचं.

"कसं झालं काकू?"

"प्रार्थनेसारखं. देव ऐकेल, माणसाचं सांगता येत नाही."

"तुम्हाला इंग्रजी कुठे कळतं?"

"नाही कळत. पण समोरचा जांभई दाबतोय हे कळायला इंग्रजी कशाला? माझं मशीन थांबलं की समज, ऐकलं."

ते पाच दिवस थांबलं नाही. कंपनीसमोर बोलण्याच्या आदल्या रात्री मात्र काकूंनी सहज विचारलं, "आज कुणाचं काय बिघडलं?" आणि मी अंबरपेठच्या एका अम्मांचं सांगू लागले. त्यांचा दर आठवड्याला फोन यायचा, "बेटा, मशीन चलके दरवाजे तक आ गई." मेकॅनिक तीनदा जाऊन आला, बिघाड काही सापडेना. शेवटी कॉलेजला जाता जाता मीच गेले आणि कपडे धुऊन होईपर्यंत तिथे बसून राहिले. न्हाणीघराच्या फरशीला मोरीकडे उतार होता. मशीनचा एक पाय उंच करून घेतला, तशी ते जागचं हलेना. अम्मा जरा खट्टू झाल्या. म्हणाल्या, "अब कौन आता मेरे घर?"

बोलता बोलता लक्षात आलं, खोलीत कसलाच आवाज नव्हता. काकूंचे पाय थांबले होते.

"हे का नाही सांगत तिथे?"

"काकू, तिथे कोट घातलेले लोक असतात."

"मग? कोटवाल्यांकडे कपडे धूत नाहीत?"

मी हसण्यावारी नेलं. घरात धाकट्या भावंडांचा धुडगूस, म्हणून कागद त्यांच्याकडे ठेवले. सकाळी त्यांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून हातात दिले. "बसमध्ये सुटतील म्हणून घाबरू नको," एवढंच म्हणाल्या. त्याचा अर्थ हॉलमध्ये पुडकं उघडल्यावर कळला. काकूंनी सहाही कागद एका कडेने, लाल दोऱ्याने, दुहेरी टीप मारून शिवले होते. छान वही झाली होती. काचेवर ठेवली तर भिंतीवर सहा पानांची काळी गिचमिड. दोरा ओढावा तर कागद फाटणार. रेड्डी सरांनी कपाळाला हात लावला. समोरचे साहेब पेनाने टेबलावर टकटक करत होते, आणि माझं पाठ केलेलं इंग्रजी कुठल्या कुठे गेलं.

ती टकटक ऐकून मला काकूंचं मशीन आठवलं. मी आमच्या हैदराबादी हिंदीत अम्मांचं सांगायला लागले. फरशीच्या उताराशी आले आणि टकटक थांबली.

"आता त्या अम्मांकडे कोण जातं?" साहेबांनी विचारलं.

"मीच जाते. कॉलेजच्या वाटेवर आहे."

काम आम्हाला मिळालं. नोकरी टिकली, कॉलेजही. घरी येऊन मी वही काकूंसमोर आपटली, तर त्यांचंच उलट, "सहा पानं नीट लावून दिली आणि वर माझ्यावरच राग? तुझ्या त्या मशीनला पान उलटता येत नाही यात माझा काय दोष?"

परवा ऑफिसातल्या नव्या मुलींसमोर मला बोलायचं होतं. सकाळी पाय आपोआप पुढच्या खोलीकडे वळले. दादांनी मशीन तिथेच ठेवलंय, सुईत निळा दोरा तसाच ओवलेला. उभी राहिले, घसा खाकरला, बोलायला लागले... मशीन पहिल्या वाक्यापासूनच थांबलेलं होतं. इतकं चांगलं मी नक्कीच बोलत नव्हते. पण म्हटलं, काकू ऐकतायत तर होऊ दे शेवटपर्यंत.