मी डाव सोडतो

आमच्या घरातला कॉम्प्युटर माझ्या शिक्षणासाठी घेतला होता, म्हणून तो बाबा वापरत. माझा कोर्स संपला होता, आमच्या कारेलीबागेतल्याच एका शाळेत मी मुलांना कॉम्प्युटर शिकवत होते, आणि दिवसभर तेच केल्यावर घरी येऊन पुन्हा त्या डब्याचं तोंड बघायची मला हौस नव्हती. बाबा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. कंपनीची बस आता आपल्यासाठी थांबणार नाही हे त्यांना मान्य होतं, तरी बसच्या वेळेला ते बूट घालून तयार होत. मग जायचं कुठे हा प्रश्न उरे. काही दिवस त्यांनी आईला स्वयंपाक शिकवून पाहिला. शेवटी आईनेच त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि त्यावरचं भरतकामाचं कव्हर स्वतःच्या हाताने काढलं.

आत एक खेळ होता. त्याची सीडी मला त्याने दिली होती. 'तो' म्हणजे ज्याच्याशी मला लग्न करायचं होतं तो. माझ्याबरोबर त्याच कोर्सला होता, राहायला वासण्याला, नोकरी मकरपुऱ्यात, आणि गुजराती. शेवटचा मुद्दा सोडला तर बाबांना नाव ठेवायला जागा नव्हती. त्यांनी नकार दिला नव्हता. 'बघू' म्हणाले होते. आमच्या घरात 'बघू' ऐकून माणसं म्हातारी झाली आहेत. बाबांच्या होकाराशिवाय मी लग्न करणार नव्हते आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाशी करणार नव्हते, त्यामुळे सगळ्यांचंच अडून बसलं होतं. सीडी कुणाची हे बाबांना माहीत नव्हतं.

खेळ असा. पडद्यावर षट्कोनी फरश्या घातलेलं एक मैदान. डाव्या हाताला तुमची सहा जनावरं, उजव्या हाताला समोरच्याची सहा. मगर, लांडगा, बेडूक, कासव, घुबड आणि पेटता आगपक्षी. दोघं एकदम खेळत नाहीत. ज्याचं जनावर चपळ, त्याची पाळी आधी, मग त्याहून मंद, असं करत कासवापर्यंत आलं की फेरी संपते आणि नवी सुरू होते. आपल्या जनावराची पाळी आली की ते पुढे सरकू शकतं, शेजारच्या फरशीवरच्या शत्रूला मारू शकतं, किंवा अंग चोरून बसू शकतं. खाली वाळूच्या घड्याळाचं एक बटण असतं. ते दाबलं तर आत्ताची पाळी जाते आणि फेरीच्या शेवटी परत मिळते. त्याच्या शेजारी पांढऱ्या निशाणाचं बटण. ते दाबलं की शरणागती, खेळ खलास.

यातली खरी मेख एकच आहे. ज्याला मारावं तो उलट मारतो, पण एका फेरीत एकदाच. म्हणून शहाणा खेळाडू आधी बेडकाला मगरीच्या अंगावर पाठवतो. मगर बेडकाला चावते, तिचा उलटा वार खर्च होतो, आणि मग आगपक्षी येऊन तिला निवांत भाजून काढतो. बाबांना हे पटत नसे. "बेडकाला मरायला पाठवायचं आणि वरच्याने येऊन श्रेय घ्यायचं, हे मी कंपनीत पुष्कळ पाहिलंय," असं म्हणून ते आधी मगर पाठवत. वाळूचं घड्याळ तर ते कधीच दाबत नसत. पाळी आली की काम करायचं, असं त्यांचं मत. एवढं असूनही ते जिंकत, कारण मशीनपेक्षा त्यांना वेळ जास्त होता.

मशीनला हरवून कंटाळा आला तेव्हा ते माणसांकडे वळले. सोसायटीतले दोनतीन निवृत्त काका येऊन बसू लागले. दोघांनी एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने खेळायची सोय होती, पण माउस बाबा कुणाच्या हाती देत नसत. समोरच्याने खुर्चीत बसून सांगायचं, "लांडगा दोन फरश्या पुढे," आणि बाबांनी ते बजावायचं. "हं, बोला," असं ते म्हणत. मी एकदा माउस मागितला तर म्हणाले, "बिघडेल." मी तेव्हा दिवसाला शंभरेक मुलांना माउस धरायला शिकवत होते.

तर अशा या खेळात त्यांनी त्याला बोलावलं. एका रविवारी सकाळी चहा घेताना म्हणाले, "त्या मुलाला खेळता येतं का हे? घेऊन ये. माणूस कसा आहे ते दोन तासांत कळतं." मी तोंडात बिस्कीट तसंच धरून आईकडे बघितलं. आई म्हणाली, "घेऊन ये म्हणतायत तर घेऊन ये. पत्रिका बघण्यापेक्षा बरं."

अडचण भाषेची होती. आमचे पणजोबा संस्थानच्या काळात गुजरातेत आले, इथल्या कचेरीत कारकून होते, आणि त्या कारकुनीचा रुबाब आमच्या घरात अजून शिल्लक होता. फाटकाबाहेर बाबा भाजीवाल्याशी, शेजाऱ्यांशी इतकं सुरेख गुजराती बोलत की नवखा माणूस त्यांना नडियादचा समजे. फाटकाच्या आत मात्र मराठी, आणि तीही पुस्तकी. मी घरात 'चालसे' म्हटलं तर ते "काय चालेल?" असं विचारून शब्द दुरुस्त करवून घेत. म्हणून मी त्याला मराठी शिकवायला घेतली. शाळेच्या स्कूटर स्टँडवर उभे राहून आम्ही क्रियापदं चालवली. तो मन लावून शिकला. 'च' आणि 'झ' यांच्या दोन-दोन उच्चारांनी त्याला छळलं, पण 'नमस्कार, कसे आहात' तो एखाद्या कीर्तनकाराच्या थाटात म्हणू लागला. 'पाळी' हा शब्द मी सांगितला तेव्हा त्याचा दुसरा अर्थही सांगितला. तो कानापर्यंत लाल झाला.

ठरल्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आणि लीलो चेवडोचं पाकीट घेऊन आला. बाबा पाकीट घेऊन म्हणाले, "वा, हिरवा चिवडा." मग दोघं बसले. माउस बाबांकडे. आई भाजी निवडायच्या निमित्ताने तिथेच बसली आणि मी दारात उभी राहिले.

तो फार छान खेळत होता. सावकाश, डोकं शांत ठेवून. बाबांचा लांडगा गेला, घुबड गेलं. बाबांची मगर मैदानाच्या मधोमध एकटी पडली होती आणि त्याचा आगपक्षी तिच्यापासून एका उडीवर होता. कुणीही घाईने उडी मारली असती. मला दिसत होतं त्याला काय करायचंय ते. आगपक्ष्याची पाळी मागे ठेवायची, आधी बेडूक पाठवायचा, मगरीचा वार खर्चायला लावायचा, आणि फेरीच्या शेवटी झडप घालायची. त्यासाठी वाळूचं घड्याळ दाबायला सांगायचं होतं.

"हं, बोला," बाबा म्हणाले.

त्याने तोंड उघडलं आणि त्याची नजर आईवर गेली. आईसमोर 'पाळी' हा शब्द उच्चारणं त्याच्याने होईना. गुजरातीत आपल्या खेळण्याच्या वेळेला 'दाव' म्हणतात. मराठीत डाव हा शब्द आहे हे त्याला ठाऊक होतं, तो त्याने अगदी आमच्यासारखा जीभ वळवून म्हटला.

"मी डाव सोडतो."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. "नक्की?"

"हो काका. सोडतो."

बाबांनी पांढरं निशाण दाबलं.

तुतारी वाजली, पडद्यावर फुलं पडली, बाबांची जखमी मगर उभी राहून नाचली. तो पडद्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, "अहो बाबा, त्याला तसं नव्हतं..." पण तोवर बाबांनी उठून त्याच्याशी हात मिळवला होता. आणि त्याने काय करावं? त्यानेही हात मिळवला. "छान खेळता, काका," म्हणाला. व्याकरण बिनचूक होतं. चहा पिऊन, आईला वाकून नमस्कार करून तो गेला.

बाबांनी निकाल दिला तो चिवडा खाता खाता. "मुलगा सभ्य आहे. पण डाव सोडणारा आहे."

मी सगळं समजावलं. दाव आणि डाव, गुजराती आणि मराठी, आई आणि पाळी. आईला हसू आवरेना. बाबा हसले नाहीत. "बरं, शब्द चुकला," ते म्हणाले. "मी निशाण दाबल्यावर तरी त्याला कळलं ना काय झालं ते? मग बोलला का नाही? जिंकत असलेला माणूस गप्प कसा बसतो?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी जोरात भांडले. दुसऱ्या दिवशी स्कूटर स्टँडवर त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "पहेली वार घेर आव्यो, ने तारा पप्पाने खोटा पाडुं?" पहिल्यांदा घरी आलो आणि तुझ्या वडिलांना खोटं पाडू, असं त्याचं म्हणणं. मी विचारलं, मग आता काय करणार? तो म्हणाला, वाट बघू, त्यांचं मत बदलेल.

माझं डोकं सणकलं. त्याचा हा शांतपणाच मला आवडला होता, आणि आता तोच बघवेना. आपल्या आगपक्ष्यासाठी जो चकार शब्द काढत नाही तो माझ्यासाठी काय बोलणार? बाबांचं म्हणणं बरोबर असेल, अशी मला धास्ती पडली, आणि बाबा बरोबर असण्याइतकं मला आयुष्यात कशाचंच वाईट वाटलेलं नाही. मी त्याला सांगितलं की वाट बघायची तर एकट्याने बघ, आणि स्कूटरला किक मारली. ती सुरू झाली नाही. त्यानेच सुरू करून दिली. त्यानंतर बरेच दिवस मी त्याच्याशी बोलले नाही, त्याचा फोन आला की आईला घ्यायला लावत असे. माझं वजन उतरलं. शाळेत मुलं कीबोर्डवर पाणी सांडत आणि मी काही बोलत नसे.

मग एका रविवारी फाटक वाजलं. कुणी बोलावलं नव्हतं. तो दारात उभा, शर्ट चुरगळलेला, हातात पाकीट-बिकीट काही नाही. बाबा सोसायटीतल्या एका काकांबरोबर खेळत होते. तो उंबऱ्याच्या आत आला आणि सरळ गुजरातीत बोलला.

"काका, ते दिवसे में रमत नहोती छोडी. खाली मारो दाव जवा दीधो हतो. वावटो तमे भूलथी दाब्यो."

मी खेळ सोडला नव्हता, फक्त माझी पाळी जाऊ दिली होती. निशाण चुकून तुम्ही दाबलंत. आमच्या दिवाणखान्यात बाबांना 'तुमची चूक' असं म्हणणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. शेजारच्या काकांना घरी काहीतरी काम आठवलं आणि ते गेले.

"अने तमारी दीकरीनी वात पण हुं छोडवानो नथी," तो म्हणाला. मुलीचा विषयही सोडणार नाही म्हणाला. मी दाराची कडी घट्ट धरून उभी होते.

बाबांनी काकांची रिकामी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "बसा." आणि माउस त्याच्याकडे सरकवला. "स्वतः दाबा."

तो हरला. मला खोटं सांगायचं नाही, वाईट हरला. घाईघाईने क्लिक करत होता, जनावरं भलत्याच फरशीवर जात होती. आगपक्षी पहिल्या फेरीतच गेला. पाठोपाठ मगर गेली, लांडगा गेला. शेवटी त्याच्याकडे एक बेडूक उरला आणि बाबांकडे जवळपास सगळं सैन्य. बाबा म्हणाले, "निशाण तिथे खाली आहे."

"दिसतंय, काका," तो म्हणाला, आणि बेडकाला एक फरशी पुढे घेतलं.

त्या एका बेडकाला घेऊन तो एवढा वेळ खेळला की आईने दोनदा चहा केला आणि दोन्ही चहा गार झाले. बेडूक पळायचा, अंग चोरून बसायचा, कासवाला एक टपली मारून परत पळायचा. बाबा पुढे वाकून बघत होते. अखेर मगरीने त्याला कोपऱ्यात गाठलं.

"हरलास," बाबा म्हणाले.

"हो."

"आता जेवूनच जा. उशीर झालाय." पाहुण्याला बाबा कधी अरेतुरे करत नाहीत. सोसायटीतल्या लहान मुलांनासुद्धा ते 'या, बसा' म्हणतात. त्याच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तो 'हो'ऐवजी 'हा, हा' म्हणू लागला. शिकवलेली सगळी मराठी तो विसरला होता.

मी स्वयंपाकघरात पळाले आणि कुकरची शिट्टी होत होती तेवढ्यात रडून घेतलं. आईने माझ्यापुढे कणकेची परात सरकवली. "रड नंतर," ती म्हणाली. "पोळ्या टाकायच्यात. किती खातो तो?"

त्याच्याशी लग्न करायचं म्हणून मी इतके दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. आम्ही एकत्र उसाचा रस प्यालो होतो, उभ्याउभ्या शेव-उसळ खाल्ली होती, पण ताटावर बसून जेवताना मी त्याला एकदाही पाहिलं नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं, आणि आईने आणखी कणीक घेतली.