मरळ मेले नव्हते

आमच्या गावचा डोह म्हणजे वैनगंगेचं जुनं वळण. नदीनं कधीतरी वाट बदलली आणि पाणी मागे सोडलं. पावसाळ्यात पूर चढला की एका अरुंद तोंडातून नदी आत शिरायची, डोह ढवळायची आणि उतरताना वर्षभराची घाण सोबत न्यायची. ते तोंड मुरूम टाकून बुजवायचा ठराव आमच्या मच्छीमार संस्थेत मी मांडला. सचिव मीच होतो. रोहू-कतल्याची पिल्लं आम्ही आणून सोडायचो आणि पुरात ती निघून जायची, याचा मला राग होता. त्याच तोंडातून आपला डोंगा, लाकडी होडी, नदीत नेणाऱ्या माझ्या थोरल्या भावानं तेवढा विरोध केला.

"माहा डोंगा काय डोक्यावर घेऊन जाऊ नदीत?" तो म्हणाला. "असा बांध मी टिकू देणार नाई, सांगून ठेवतो."

सगळे हसले. मीही हसलो. त्याचं ते वाक्य मात्र लोकांनी जपून ठेवलं.

त्याच पावसाळ्यात पूर बांधावरून चढून आत आला, आणि ओसरताना त्याला बाहेर पडायला वाटच राहिली नाही. काठच्या धानशेतांच्या बांध्यांमधला युरिया, गाळ, कुजलेला पालापाचोळा, सगळं डोहात अडकलं. मत्स्यशेतीच्या प्रशिक्षणात मला बजावून सांगितलं होतं की पूर आपलं खत स्वतःच घेऊन येतो, पुरानंतर वरून काही टाकू नका. मी तिथे चहा पीत मान डोलावली होती. गावात आमची एकच परीक्षा: पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवायचा, पंजा दिसला तर शेण आणि खत टाकायचं, दिसेनासा झाला तर थांबायचं. गाळ खाली बसला आणि मला माझा पंजा स्वच्छ दिसला. मला वाटलं, पाणी उपाशी आहे. उपाशी कसलं! पोट तर त्याचं भरलेलंच होतं, गाळ बसेपर्यंत ऊन तेवढं आत पोचलं नव्हतं. मी ट्रॉलीभर शेण आणि वर सुपर फॉस्फेट टाकायला लावलं.

मग ऊन आत गेलं आणि शेवाळ उठलं. पाणी आधी पोपटी, मग रंगाचा डबा सांडावा तसं झालं. काठावर हिरवी साय जमली. तिला वास सुटला. त्यातच आभाळ भरून आलं आणि वारा पडला. दिवसा हवा देणारं शेवाळ अंधारात तीच हवा ओढून घेतं, हेही मला शिकवलं होतं. झुंजुमुंजू होता होता रोहू-कतले पाण्यावर तोंडं काढून तडफडत होते. ऊन चढेपर्यंत सगळे उलटे झाले.

काठावर गाव जमलं. कुणीतरी भावाकडे बोट दाखवून म्हणालं, "सकाळी त्याचा डोंगा पान्यात होता. मी पाह्यला." दुसरा म्हणाला, "तं मंग! जहर टाकलं त्यानं. बोललाच होता ना, टिकू देणार नाई म्हणून."

भाऊ ओरडत होता, "अरे, मी गळ काढाले गेलो होतो! जहर टाकून मी काय खाऊ, माती?" तो माझ्याकडे बघत होता.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. मी पाण्याकडे बघत होतो. मेलेल्या माशांच्या मधून मरळ वर येत होते, हवेचा घोट घेत होते आणि शेपटी मारून खाली जात होते. मरळ वरून हवा घेतो, म्हणून तो वाचला होता. जहर असतं तर तोही मेला असता. मी हे पाहिलं, मला समजलं, आणि मी म्हणालो, "चौकशी करू."

चौकशी कसली? संस्थेनं त्याची मासेमारी बंद केली. ठरावावर सही माझी. पिढीजात मासेमार ढीवराच्या घरात जन्मलेला माझा भाऊ दुसऱ्याच्या बांधीत धानाच्या रोवण्याला जाऊ लागला. डोंगा घरामागे पालथा पडला. वहिनी रस्त्यात दिसली की पदर ओढून पलीकडून जायची. माझी सचिवाची खुर्ची तेवढी शाबूत राहिली. त्या खुर्चीची मला आज किळस येते.

यंदा पूर ओसरल्यावर डोह पुन्हा हिरवा झाला. बैठकीत एकजण म्हणाला, "त्यानंच टाकलं असल काही." पालथ्या डोंग्याभोवती गवत उगवलंय, तरी तोच! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी टेबलावर हात आपटला आणि सगळं सांगितलं: बांध, शेण, ऊन, मरळ.

"मंग तवा काऊन नाई बोलले, सचिवसाहेब?"

"भेलो होतो," मी म्हणालो. "आणि तुम्हाले तरी कुठी पाहाचं होतं? मरळ तुमच्यापुढंही उड्या मारून राह्यले होते."

संध्याकाळी भावाकडे गेलो. तो डोंग्यावर बसून बिडी ओढत होता. त्यानं माझं ऐकून घेतलं आणि तो थुंकला.

"मले कायले सांगतं? मी नाई टाकलं हे मले मालूम होतं."

"बैठकीत सांगितलं सगळ्याइले. बंदी उठवली."

"अन् बांध?"

दुसऱ्या दिवशी मी कुदळ घेऊन बांधावर गेलो. सोबत कुणी आलं नाही. भाऊ मात्र आला. कुदळीला हात न लावता सावलीत बसला. मुरूम दगडासारखा घट्ट झाला होता. तळहात सोलले, खणलेल्या चरातून डोहाचं पाणी झिरपायला लागलं, तसा मी थांबलो.

"थांबला काऊन?" तो तिथूनच ओरडला. "अजून खाली खण. पान्याचं कौतुक नको सांगू मले. माहा डोंगा निंगला पाह्यजे."